दोष हाताचा की मांडणीचा?

विमान जमिनीवरच ठेवून उड्डाणाचा सराव देणारे एक यंत्र वाद्यांच्या कारखान्यात जन्मास आले. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातील भाते व पंप वापरून ते घडविले. आरंभी ते करमणुकीचे साधन ठरले. मात्र १९३४ मध्ये खराब हवामानात टपाल नेणारे लष्करी वैमानिक मृत्युमुखी पडू लागले, तेव्हा अमेरिकी लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली. आज हेच काम संगणक करतो. फ्लाइटगिअर ही आज्ञावली तर विनामूल्य मिळते. परंतु कळफलकावर बोटे आपटून विमानाच्या कळा हाताला कळत नाहीत.

आमच्या वसतिगृहातून शिकून गेलेला एक विद्यार्थी सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत दहावीच्या तीन मुलांना घेऊन आम्ही त्याच्याकडे गेलो. बुधवार पेठेतील दुकानांतून स्विच, वायर व आर्डुइनो लिओनार्डो हा छोटा बोर्ड आणला, आणि त्या खोलीत प्लायवूडच्या तुकड्यावर नियंत्रण-फलक उभा राहिला.

त्याची रचना सोपी आहे. प्रत्येक स्विचचे एक टोक बोर्डच्या स्वतंत्र पिनला व दुसरे सर्वांच्या सामाईक ग्राउंडला जोडावे. स्विच उघडा असता पिनवर दाब राहतो, मिटताच तो शून्य होतो. हा बदल ओळखून बोर्ड संगणकाला अक्षर पाठवितो, कारण संगणक त्याला कळफलकच समजतो. इंग्रजी लहान 'जी' गेल्यास चाके वर जातात, मोठा 'जी' गेल्यास खाली येतात. इंजिनाच्या वेगासाठी १० किलो-ओहमचा पोटेन्शिओमीटर लावावा. त्याची स्थिती बोर्ड ० ते १०२३ या आकड्यांत वाचतो.

फलक चालू झाला, आणि पहिल्याच दिवशी एका मुलाने विमान पोटावर उतरविले. फ्लॅपऐवजी त्याने शेजारचा, चाकांचा स्विच दाबला होता. "लक्ष कोठे आहे?" असे आम्ही दरडावले. मग आम्ही स्वतः बसलो, आणि तिसऱ्या खेपेस तीच चूक आमच्या हातून घडली. मुले हसली नाहीत. याची आम्हांस अधिक लाज वाटली.

इतिहासाच्या शिक्षकाला येथे एक दाखला आठवावयास हवा होता. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाके मिटवीत. दोष वैमानिकांना दिला जाई. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले की दोन्ही कळा शेजारी व सारख्याच आहेत. त्याने चाकांच्या कळेस चाकासारखी व फ्लॅपच्या कळेस पाचरीसारखी मूठ सुचविली. आजही विमानांत हे आकार आढळतात.

आम्हीही चाकांच्या स्विचवर बाटलीचे गोल झाकण व फ्लॅपच्या स्विचवर लाकडी पाचर चिकटविली, आणि दोहोंत वीतभर अंतर ठेवले. मग त्याच मुलाचे डोळे बांधून कळा ओळखावयास सांगितले. तो एकदाही चुकला नाही.

विद्यार्थी मित्रहो, फलक आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. तो उघडून पाहा, वायर मोजा. आणि आम्हां शिक्षकांसाठी त्यावर एक प्रश्न आम्ही लिहून ठेवला आहे: अनेक मुले एकाच जागी चुकत असतील, तर आधी काय तपासावे, मुले की मांडणी?