फुल इंजिन काम

माझी यामाहा आरएक्स 100 आता मातीतच जास्त पळते. रविवारी पहाटे बंगळुरूच्या इंदिरानगरातून निघायचं आणि कोलारच्या बाजूची लाल माती गाठायची, हा आमच्या टोळीचा परिपाठ. मागच्या वर्षी इंजिन थकलं म्हणून ‘फुल इंजिन काम’ करून घेतलं: बोअर, पिस्टन, क्रँकचे बेअरिंग, सील, सगळं नवं. थोड्याच दिवसांत ते मातीच्या ट्रॅकवर जाम झालं.

1. काम बिघडलंय हे आधी कानाला कळतं. थ्रॉटल सोडला तरी इंजिन खाली यायचं नाही, वरच्या सुरातच रेंगाळायचं. गॅरेजवाले म्हणाले, “नया है मॅडम, सेट हो जाएगा.” टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमधून जातात. तिथलं मॅग्नेटच्या बाजूचं सील नीट बसलं नसेल, तर जादा हवा आत ओढली जाते, पेट्रोलचं प्रमाण घटतं, उष्णता चढते आणि पिस्टन फुगून ब्लॉकला धरतो. नव्या रिंगा काही अंतर पळाल्यावर बसतात हे खरंच आहे. दुमडलेलं सील मात्र कितीही पळवलं तरी बसत नाही.

2. उघडलेलं इंजिन बघून मला रडू यायचं बाकी होतं. ते ज्यांच्याकडे नेलं, त्या दुसऱ्या मिस्त्रींनी मुद्दाम बोलावून घेतलं आणि एकेक भाग हातात दिला. क्रँककेसच्या जोडात स्क्रू ड्रायव्हर खुपसून ती उचकटल्याच्या खाचा. त्या खाचा बुजवायला थापलेलं सिलिकॉन, त्याचे आत लोंबणारे तुकडे. पुलर न लावता हातोडीनं ठोकून काढलेलं मॅग्नेट. हेडच्या एका स्टडचे आटे गेलेले. आणि पिस्टन-ब्लॉकमधली फट कुणी मोजलीच नसावी, इतकी ती कमी. पिस्टन अॅल्युमिनियमचा, ब्लॉकच्या आतली स्लीव्ह बिडाची. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून ती फट केसाच्या जाडीहून कमी असली, तरी मोजूनच ठेवावी लागते. मला धक्का बसला तो एका गोष्टीचा: यातल्या कशालाच दुर्मीळ कसब लागत नव्हतं. पुलर साध्या दुकानात मिळतो. झाकण लागलं की आत कोण बघतंय, असं कुणीतरी मनाशी ठरवलं होतं. पैशांपेक्षा ते जास्त लागलं. याच गाडीवर मी उताराला उभी राहून भरधाव जाते.

3. मातीत इंजिनाला सवड मिळत नाही. रस्त्यावर कच्चं काम महिनोन्‌महिने चालून जातं, कारण वारा इंजिन थंड ठेवतो. मातीत वेग कमी, आरपीएम वर, आणि फिल्टरच्या कडेनं बारीक धूळ आत शिरायला टपलेली.

4. दोष सगळा हातांचा नसतो. आरएक्स 100 आपल्याकडे 1985 ते 1996 एवढीच बनली. अस्सल भाग शोधावे लागतात, आणि जे. सी. रोडवर सारख्याच दिसणाऱ्या दोन डब्यांत दोन वेगळ्या दर्जाचे पिस्टन निघू शकतात. आता मी नव्या भागांचे डबे आणि काढलेले जुने भाग, दोन्ही मागून घेते. चांगल्या मिस्त्रीला त्याचा राग येत नाही, असा माझा अनुभव आहे.

5. दुसऱ्या मिस्त्रींनी पहिल्याबद्दल एकही वाईट शब्द काढला नाही, आणि मी मात्र तो ऐकायलाच गेले होते. रेसिंगच्या पिटमध्ये काम शिकलेला माणूस. डकार रॅलीत 2015 साली उतरलेला पहिला भारतीय, सी. एस. संतोष, याच शहरातला. इथल्या गल्ल्यांत असे हात अजून सापडतात. मिस्त्रींचा सगळ्यात जास्त वेळ धुण्या-पुसण्यात गेला. मग इंजिन जोडून त्यांनी इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं बंद केली, आत थोडी हवा भरली, आणि गेजचा काटा उतरतो का ते पाहत स्टुलावर बसून राहिले. मीही शेजारी बसले. काटा हलला नाही. तेव्हा कुठे त्यांनी चहा मागवला.

6. पैसे मागताना आवाजापेक्षा कागद उपयोगी पडतो. फोटो, बिल आणि दुसऱ्या मिस्त्रींनी लिहून दिलेली मापं घेऊन मी पहिल्या गॅरेजात गेले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतल्या उणिवेबद्दल दोन वर्षांच्या आत, आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते; 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. 1915 ही हेल्पलाइन आहे. मला तिथवर जावं लागलं नाही. मजुरी परत मिळाली.

ब्लॉकचं नुकसान मात्र भरून निघालं नाही. बाजारातले पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठे होत जातात, आणि प्रत्येक बोअरिंगला ब्लॉकचा एक टप्पा खर्ची पडतो. माझा एक टप्पा असाच फुकट गेला. पुढचे संपले की स्लीव्ह बदलावी लागेल, आणि ते काम कुणाच्या हाती द्यायचं हे मी आत्ताच ठरवून ठेवलं आहे.