सुट्टीतला शिधा आणि रात्रीचा भात

मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी संपत आली की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. कोकणातून, महाबळेश्वरहून किंवा अष्टविनायक करून परतलेली कुटुंबे. तक्रार उलट्या-जुलाबांची आणि कारणही ठरलेले. ‘पाणी बाधलं’, ‘घाट लागला’ किंवा ‘बाहेरचं खाल्लं, डॉक्टर.’ खोदून विचारले की पुष्कळदा कळते, बाहेरचे काही खाल्लेच नव्हते. सगळा स्वयंपाक खोलीवर, घरच्याच हातचा होता.

गणपतीपुळे, गुहागर, दापोली, तारकर्ली या बाजूला आता स्वयंपाकाची सोय असलेल्या घरगुती खोल्या मिळतात. चार दिवस सहा माणसांनी हॉटेलात जेवणे मध्यमवर्गीय खिशाला जड जाते. शिवाय लहान मुलांना, मधुमेही आजोबांना सोसेल असे जेवण हाताशी राहते. त्यामुळे बरोबर शिधा नेण्याच्या मी बाजूचाच आहे. फक्त घरी जे चालते ते परक्या जागी, दमट हवेत, फ्रिज नसताना चालेलच असे नाही.

एका कुटुंबाचे उदाहरण देतो. कोकणातल्या मुक्कामाच्या शेवटच्या रात्री त्यांनी मुद्दाम जास्त भात लावला. पातेले रात्रभर ओट्यावर झाकून ठेवले आणि सकाळी फोडणीचा भात करून, तो खाऊन सगळे निघाले. आंबा घाटात तिघांना उलट्या सुरू झाल्या. ज्या दोघांनी नुसता चहा-बिस्किटे घेतली होती ती ठणठणीत. घाट लागला असे समजून वाटेत गाडी लागण्याच्या गोळ्या घेतल्या गेल्या. संध्याकाळी माझ्याकडे आणले तेव्हा आठ वर्षांचा मुलगा मलूल पडला होता, दुपारपासून त्याला लघवी झाली नव्हती. त्याला सलाईन लावावे लागले.

यात दोष कोणाच्या अस्वच्छतेचा नव्हता. बॅसिलस सीरियस नावाचा एक जंतू मातीत असतो आणि तांदळाबरोबर घरात येतो. त्याचे बीजाणू इतके चिवट असतात की भात शिजला तरी ते मरत नाहीत. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि भातात विष तयार करतात. हे विष उष्णतेने नाश पावत नाही. म्हणजे सकाळी कितीही खमंग फोडणी दिली, वाफ आणली, तरी विष तसेच राहते. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. नेमकी तीच वेळ गाडी घाटात असण्याची! भाताला वास येत नाही, चव बिघडत नाही. म्हणून ‘वास घेऊन बघितला होता’ याला काही अर्थ नाही.

तेव्हा आखणी करताना एकच धोरण ठेवावे. घरून न्यायचे ते कोरडे, आणि तिथे शिजवायचे ते त्याच जेवणात संपेल एवढे. शिजलेले ओले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नये. खोलीवर फ्रिज असेल तर उरलेले अन्न पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत आत ठेवावे. खोल पातेल्यातला भात मध्यभागी बराच वेळ गरम राहतो.

प्रवासाच्या दिवशी दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, केळी. पुऱ्या पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भराव्यात. दहीभात आणि बटाट्याची भाजी बरोबर नकोच. रात्री थकून पोहोचल्यावर मुगाच्या डाळीच्या खिचडीसारखे सोपे काही नाही. सहा माणसांना चारशे ग्रॅम तांदूळ आणि दोनशे ग्रॅम डाळ पुरते. घरीच मापून, हळद, हिंग, जिरे घालून पिशवी बांधून न्यावी. तिथे कुकर लावायचा, वर तूप, भाजलेला पापड. उपम्याचा रवा घरी फोडणीत भाजून गार करून नेला की सकाळी फक्त पाणी उकळायचे. थालीपिठाची भाजणी पाऊण किलो नेली तर एका वेळचा प्रश्न सुटतो. मेतकूट आणि दुधाची पावडर जवळ असावी. पावडरचे दूध लागेल तेवढेच, उकळलेल्या पाण्यात करावे. दुपारचे जेवण मात्र एखाद्या चांगल्या खानावळीत गरम गरम घ्यावे. घरातल्या बाईलाही सुट्टीच असते, हे पुरुषमंडळी सोयीस्करपणे विसरतात.

मासे खाणाऱ्यांसाठी एक सूचना. बांगडा, तारली, कुपा हे मासे पकडल्यानंतर उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामीन साठते आणि तेही शिजवून जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते, छातीत धडधडते. बर्फात ठेवलेलाच मासा घ्यावा आणि घेतल्याबरोबर करावा.

पिण्याचे पाणी खळखळून एक मिनिट उकळावे. रेल्वेने जाणाऱ्यांनी शेगडी-सिलिंडर बरोबर घेऊ नये, त्याला बंदी आहे. ऑगस्ट 2023 मध्ये मदुराई स्थानकात यात्रेकरूंच्या डब्याला बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ जण दगावले.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचे जेवण प्रवासात लांबते आणि साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, मग काहीतरी खायला द्यावे. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. इन्सुलिन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये.

शिध्याच्या पिशवीतच ओआरएसची चार-पाच पाकिटे टाकावीत. पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचे. अर्ध्या ग्लासात थोडी थोडी पावडर टाकणारे आईबाप मी रोज पाहतो, त्याने मीठ जास्त होऊन अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. उलटी झाली तरी दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. चोवीस तासांनंतर उरलेले पाणी टाकून द्यावे. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही किंवा शौचातून रक्त आले, तर गावी परतेपर्यंत थांबू नये. तिथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे न्यावे.