इंडेक्स टाकण्यापूर्वी

चि. बाळास,


तुझा मेसेज दोनदा वाचला. ऑर्डर्सचं टेबल ६ कोटी ओळींच्या पुढे गेलंय, ग्राहकाला त्याच्या शेवटच्या २० ऑर्डर दाखवणारी स्क्रीन उघडायला अर्धं मिनिट लागतंय, आणि ‘व्हेअर’मध्ये येणाऱ्या प्रत्येक कॉलमवर इंडेक्स टाकून मोकळं व्हावं असा सल्ला तुला मिळालाय. तो अमलात आणण्यापूर्वी तू विचारलंस, याचं मला फार समाधान वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आकार डोळ्यांसमोर आण. एक ओळ सरासरी २०० बाइटची धरली, तर तुझं टेबल १२ जीबीचं झालं. तुमचा पोस्टग्रेस डेटाबेस डिस्कवरून ८ केबीच्या पानांनी वाचतो, म्हणजे ही सुमारे १५ लाख पानं. इंडेक्स नसेल तर २० ओळींसाठी ती सगळी चाळावी लागतात. प्रायमरी कीच्या बी-ट्री इंडेक्समध्ये मात्र एका पानावर साडेतीनशेच्या आसपास नोंदी मावतात, त्यामुळे ६ कोटी ओळींचं झाड चार पातळ्यांत संपतं. एक ओळ शोधायला वरून खाली चार पानं आणि प्रत्यक्ष ओळीचं एक. १५ लाख आणि पाच, हा फरक तू जाणून घेतलास की वेगवान सर्व्हर विकत घेण्याची कल्पना किती अवेळी आहे ते कळेल.

हे झाड बायर आणि मॅक्रेट या दोन संशोधकांनी बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या सुमारास मांडलं. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात मोठ्या इंडेक्सच्या रचनेबरोबर देखभालीचाही उल्लेख आहे. ती देखभाल आपण विसरतो, तिच्याकडे मी पुढे येतेच.

पहिलं काम म्हणजे ‘एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ’, सोबत ‘बफर्स’चा पर्याय लावून. डेटाबेसने नक्की काय केलं, हे तो स्वतः सांगत असताना आपण अंदाज का करायचा? फक्त लक्षात ठेव, ‘अ‍ॅनलाइझ’ लावलं की क्वेरी खरोखर चालते. ‘अपडेट’ किंवा ‘डिलीट’ तपासायचं असेल तर ‘बिगिन’ आणि ‘रोलबॅक’च्या मध्येच तपास. प्लॅनमध्ये अंदाजित ओळी आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी शेजारी बघ. १० चा अंदाज आणि प्रत्यक्षात ८ लाख असं दिसलं, तर आधी त्या टेबलाची आकडेवारी ‘अ‍ॅनलाइझ’ या स्वतंत्र आज्ञेने ताजी कर. दुसऱ्यांदा चालवल्यावर क्वेरी झटकन आली तर खूश होऊ नकोस. पहिल्या वेळी डिस्कवरून आलेली पानं आता मेमरीत असतात. म्हणून वेळेइतकंच किती पानं वाचली याच्याकडे बघायचं. आणि हे सगळं ५०० ओळींच्या टेस्ट डेटावर करू नकोस. छोटं टेबल अख्खं वाचणंच पुष्कळदा स्वस्त असतं, तेव्हा प्लॅनर इंडेक्सकडे वळत नाही, आणि त्याचं ते बरोबरच असतं.

आता तुझी क्वेरी. माझा कयास असा, की कस्टमर आयडीवर इंडेक्सच नसेल. पोस्टग्रेस प्रायमरी कीवर तो आपोआप करतं, फॉरेन कीवर करत नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत फॉरेन कीवरही होतो, त्यामुळे तिकडून आलेली मंडळी इथे तो गृहीत धरतात.

पण नुसता कस्टमर आयडीवर इंडेक्स टाकलास तर घरगुती ग्राहकांचं भागेल. ज्या वितरकाच्या लाखभर ऑर्डर आहेत, त्याच्या लाख ओळी काढून, तारखेने लावून, मग वरच्या २० द्याव्या लागतील. नुसता तारखेवर टाकलास तर त्याहून फसवं. प्लॅनर ठरवतो की अलीकडच्या ऑर्डरपासून मागे चालत जाऊ, या ग्राहकाच्या २० लवकरच भेटतील. रोज खरेदी करणाऱ्याच्या भेटतातही. ज्याने दोन वर्षांत काही घेतलं नाही, त्याच्यासाठी कोट्यवधी नोंदी मागे टाकाव्या लागतात. एकच क्वेरी एका ग्राहकाला लगेच उत्तर देते आणि दुसऱ्याला ताटकळत ठेवते, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

तुला हवा आहे दोन्ही कॉलमांचा मिळून एक इंडेक्स: आधी कस्टमर आयडी, मग ऑर्डरची तारीख. त्यात एका ग्राहकाच्या नोंदी सलग आणि तारखेच्या क्रमाने असतात. पोस्टग्रेस शेवटापासून उलटं वाचून २० झाल्या की थांबतं. कॉलमांचा क्रम उलटा करू नकोस. लग्नाची आमंत्रणयादी आधी गाव आणि मग आडनाव अशी लावली असेल, तर सांगलीचे कुलकर्णी चटकन सापडतात, पण सगळ्या गावांतले कुलकर्णी शोधायला यादी पहिल्यापासून वाचावी लागते. ज्या कॉलमला क्वेरीत बरोबरची खूण आहे तो आधी, ज्यावर क्रम किंवा मर्यादा आहे तो नंतर.

तुमच्या रोजच्या अहवालाची क्वेरीही पाठवली होतीस. तिथे तारखेच्या कॉलमला ‘डेट’ फंक्शनमध्ये गुंडाळलंय, त्यामुळे त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स कामी येत नाही. त्याऐवजी ‘या क्षणापासून, त्या क्षणाच्या आधीपर्यंत’ अशी हद्द लिही. सर्व्हर यूटीसीवर असेल तर आपली मध्यरात्र तिथे आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला असते. हद्द भारतीय वेळेनुसार स्पष्ट लिहिलीस की अहवालातला दिवस सरकण्याची चूकही निघून जाईल.

‘स्टेटस’ कॉलमवर इंडेक्स टाकायचा आग्रह होतोय, त्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. बहुतेक ओळी ‘पोहोचली’ अशाच असणार. तिथे इंडेक्स फारसं काही वगळू शकत नाही. शिवाय ऑर्डरचं स्टेटस वारंवार बदलतं. इंडेक्समधला कुठलाच कॉलम बदलत नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर पोस्टग्रेस इंडेक्सना हात न लावता ओळ अपडेट करू शकतं. स्टेटसवर इंडेक्स टाकलास की ती सवलत जाते आणि दर बदलाला त्या टेबलाच्या सगळ्या इंडेक्समध्ये नवी नोंद होते. देखभाल म्हणाले ती ही. गोदामवाल्यांना फक्त प्रलंबित ऑर्डर हव्या असतील तर तेवढ्याच ओळींचा आंशिक इंडेक्स कर. तो लहान राहील. स्टेटस बदलण्याचा भार तिथेही पडेल, पण त्या बदल्यात काहीतरी मिळेल.

चालू सिस्टिमवर साधा ‘क्रिएट इंडेक्स’ देऊ नकोस, तो पूर्ण होईपर्यंत टेबलात काहीही लिहिता येत नाही. ‘कन्करंटली’ लाव. वेळ जास्त लागेल, ट्रान्झॅक्शनच्या आत चालणार नाही, आणि मध्येच अडला तर ‘इनव्हॅलिड’ इंडेक्स मागे राहील; तो काढून पुन्हा कर. काही आठवड्यांनी ‘पीजी स्टॅट यूझर इंडेक्सेस’मध्ये कुठला इंडेक्स किती वेळा वापरला गेला ते बघ. शून्यावर असलेले काढ, पण युनिक अटीचे सोडून, आणि वाचनासाठी वेगळा रेप्लिका असेल तर तिथलाही आकडा पाहून.

दोन कॉलमांचा इंडेक्स आधी प्रॉडक्शनच्या प्रतीवर कर आणि आधीचा-नंतरचा, दोन्ही प्लॅन मला पाठव. एक मोठ्या वितरकासाठी, एक बऱ्याच दिवसांत न आलेल्या ग्राहकासाठी. ग्राहकांची नावं-नंबर त्यातून काढून टाक.

तुझी,
मावशी