पांदण रस्त्यावरचा धंदा : वैनगंगेच्या खोऱ्यात ग्रॅव्हल सायकल सहल

सेवा व्यवसायाचा दर कसा काढायचा हे आपण व्हिडिओत पाहिलं. आज तोच हिशोब एका खऱ्या भागावर लावून बघू. भाग आहे भंडारा जिल्हा, वैनगंगेचं खोरं. आणि धंदा आहे ग्रॅव्हल सायकलिंगच्या दोन दिवसांच्या सहलींचा.

आधी शब्द समजून घ्या. ग्रॅव्हल बाईक म्हणजे रेसिंग सायकलीसारखं खाली वळलेलं हॅन्डल, पण टायर जाड, साधारण 38 ते 45 मिलिमीटर. डांबरी रस्त्यावर ती पळते आणि मुरुमाच्या रस्त्यावरही घसरत नाही. आता तुम्ही म्हणाल, असा रस्ता शोधायला कुठे जायचं? अहो, आपली पांदण म्हणजे दुसरं काय आहे! शेतात बैलगाडी, ट्रॅक्टर जायची वाट. 2021 मध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, ती याच वाटांसाठी. त्यात कालव्यांच्या कडेचे रस्ते, मामा तलावांच्या पाळी आणि दोन गावांना जोडणाऱ्या जुन्या वाटा मिळवा. कच्चा माल भरपूर आहे, आणि त्याला कोणी पैसे मागत नाही.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं छोटं शहर आहे. तिथे 2006 साली 34 जण कुरणांमधल्या खडीच्या रस्त्यांवर 200 मैलांची शर्यत करायला जमले. आज तीच शर्यत ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ म्हणून ओळखली जाते आणि काही हजार लोक येतात. तिथे ना समुद्र, ना बर्फाचे डोंगर. तिथल्या रस्त्यावरची गारगोटी टायर फाडते, आपल्याकडे ते काम बाभळीचा काटा करतो. एवढाच फरक, असं मी गमतीने म्हणतो. पण 34 वरून हजारांवर जायला त्यांना बरीच वर्षं लागली, हे मात्र गमतीने घेऊ नका.

आता आपला मार्ग. नागपूरहून भंडारा साधारण 60 किलोमीटर. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर वरठीला भंडारा रोड स्टेशन आहे. म्हणजे गिऱ्हाईक नागपूरचं, आणि ते शनिवारी सकाळी येऊन रविवारी संध्याकाळी घरी पोचू शकतं. दाखवायला काय आहे? अंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान आणि आणखी तीन नद्यांचा संगम, चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला असं इथले लोक सांगतात (अंबाजोगाईकरही तेच सांगतात, त्या वादात आपण पडायचं नाही). संगमावर 2024 मध्ये नवा केबलचा पूल सुरू झाला, त्यात उंचावरून नदी बघायची गॅलरी आहे. पुढे गोसीखुर्द धरण आणि मग पवनी. पवनीला घाट आहेत, जुना किल्ला आहे आणि 1969-70 च्या उत्खननात सापडलेल्या प्राचीन बौद्ध स्तूपाची जागा आहे. भंडारा ते पवनी अड्याळमार्गे डांबरी रस्ता आहेच. आपलं काम तो सोडून आतल्या वाटांनी न्यायचं.

इथे बरेच जण थांबतात. मोबाईलवर नकाशा काढतात, रेघ ओढतात, सुंदर पोस्टर बनवतात आणि म्हणतात, प्रॉडक्ट तयार. मित्रांनो, रेघ कोणीही फुकट ओढू शकतं. नागपूरचा माणूस तुम्हाला पैसे देईल, कारण ती वाट आज चालू आहे का हे फक्त तुम्हाला माहीत असेल.

आणि इथे ही माहिती खरोखर दर हंगामात बदलते. गोसीखुर्दची पायाभरणी 1988 ची. नंतर जलाशय भरत गेला, गावं उठली, त्यांच्याबरोबर रस्ते पाण्यात गेले. जुन्या नकाशावर सरळ दिसणारी वाट तुम्हाला पाण्याच्या काठावर नेऊन सोडेल. धरणाची पातळी वर-खाली झाली की काठही सरकतो. नदीजवळची काळी कन्हार जमीन ओली असली की चाक आणि फ्रेमच्या मध्ये चिखल असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मुरूम टाकलेली वाट त्याच दिवशी मस्त चालते. त्यामुळे हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. त्यातही नोव्हेंबरात धान कापणी-मळणी चालू असते, वाटेवर ट्रॅक्टर आणि धानाचे ढीग असतात. तिथे शेतकरी आधी, आपण नंतर. घंटी वाजवत घुसलात तर पुढच्या वेळी ती वाट तुमच्यासाठी बंद समजा.

जंगलाचं वेगळं. पवनीला लागून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. आत सायकल घालायची नाही, परवानगीशिवाय कडेकडेच्या जंगलवाटाही घ्यायच्या नाहीत. प्रसिद्ध ‘जय’ वाघ नागझिऱ्यातून निघून हे खोरं ओलांडून कऱ्हांडल्यात आला होता. म्हणजे वाघ गेटमध्येच राहतो असं नाही. संध्याकाळी 5 च्या आत सगळे मुक्कामी, हा नियम गिऱ्हाईक कितीही रुसलं तरी मोडायचा नाही.

आता पैसा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या भागाचे तुम्ही टाका. दोन दिवस, सायकली गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या. मागे पिकअप गाडी ड्रायव्हर आणि डिझेलसह 7,000. दोन स्थानिक वाटाडे, दिवसाला 800, म्हणजे 3,200. ट्यूब, पंक्चरचं सामान, प्रथमोपचार 1,500. सहलीच्या दोन दिवस आधी पूर्ण वाट फिरून बघायचा खर्च 1,500. तुमची मजुरी 4,000, ही लिहायला लाजू नका. तुमचा आणि ड्रायव्हरचा मुक्काम-जेवण 2,400. बेरीज 19,600. एक माणूस आला काय, आठ आले काय, हा खर्च होणारच.

प्रत्येक गिऱ्हाइकामागे मुक्काम-जेवण 1,200 आणि वाटेतला नाश्ता-पाणी 250, म्हणजे 1,450. दर 4,500 ठेवला तर माणशी 3,050 उरतात. 19,600 ला 3,050 ने भागा. 6.4 येतं. साडेसहा माणसं सायकल चालवत नाहीत, म्हणून 7. आठ आले तर 4,800 नफा. पाच आले तर 4,350 खिशातून गेले. म्हणून 7 जणांचे आगाऊ पैसे आल्याशिवाय तारीख पक्की करायची नाही.

खरा धोका पुढे आहे. बरेच जण विचारतात, सर, कर्ज काढून आठ ग्रॅव्हल बाईक घेऊ का? एक सायकल 50,000 ची धरली तरी 4 लाख. 11 टक्क्यांनी वर्षाचं व्याजच 44,000. हंगामात 10 सहली, सगळ्या फुल्ल गेल्या असं धरलं तरी नफा 48,000 आणि मजुरी 40,000, मिळून 88,000. निम्मं व्याजात, मुद्दल बाकीच, आणि मेच्या उन्हात सायकली घरात उभ्या. अनुदानाची योजना आहे म्हणून हे गणित बदलत नाही, हप्ता बाराही महिने येतो. पहिला हंगाम ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांच्यावरच काढा. नागपुरात असे लोक आहेत. दुसऱ्या वर्षी भाड्याने मागणारे किती फोन आले ते वहीत मोजा, मग दोन सायकली घ्या.

मुक्कामासाठी हॉटेल बांधायच्या नादी लागू नका. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे, शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. अशा एका-दोन घरांशी बोला. तांदळाची भाकरी, तलावातले मासे, लाखोळीची डाळ, हेच शहरातल्या माणसाला हवं असतं. पुनर्वसित गावातली मुलं वाटाड्या म्हणून घेतलीत तर उत्तम, कारण पाण्याखाली काय गेलं आणि नवी वाट कुठून निघाली हे त्यांच्या घरातच माहीत असतं. पण ‘बुडालेलं गाव दाखवतो’ अशी जाहिरात करू नका. मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं भांडलेली माणसं आहेत ती, कोणाचं दुःख तिकिटात बसवायचं नसतं.

कागदपत्रं थोडक्यात: उद्यम नोंदणी ऑनलाइन, फुकट. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाचा अपघात विमा घ्या आणि हेल्मेट नसेल तर सायकलवर बसू देऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या गावापासून 30 किलोमीटरची एक वाट स्वतः साध्या सायकलने फिरा. वहीत पाच गोष्टी लिहा: पिण्याचं पाणी कुठे, सावली कुठे, मोबाईलची रेंज कुठे जाते, गाडी कुठपर्यंत येते आणि जवळचा दवाखाना किती दूर. मग वरच्या हिशोबात तुमचे आकडे टाका आणि किती माणसांवर धंदा सुटतो ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात त्यातले तीन हिशोब घेऊन बसू.