सौंसरची संत्री आणि समुद्राची वाट

जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनास भाविक ज्या नागपूर–छिंदवाडा रस्त्याने येतात, त्याच रस्त्याने सौंसर परिसरातील संत्री व बोरगावच्या कारखान्यांतील कापड नागपुरास जाते. तेथून मुंबई गाठण्यास पूर्वी मोटारीला सुमारे सोळा तास लागत. समृद्धी महामार्गामुळे हा प्रवास आठ तासांचा धरला जातो. भरलेल्या मालमोटारीस अर्थातच अधिक वेळ लागतो.

७०१ किलोमीटर लांबीचा हा सहापदरी महामार्ग नागपूरजवळील शिवमडका येथून निघून दहा जिल्ह्यांतून ठाणे जिल्ह्यातील आमणे येथे पोहोचतो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. अखेरच्या टप्प्यात सह्याद्री पोखरून सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा काढलेला आहे. जालन्याचे पोलाद आणि छत्रपती संभाजीनगरचा यंत्रमाल यांनाही किनाऱ्याकडे जाण्यास हीच वाट उपलब्ध झाली आहे.

हा रस्ता गावच्या रस्त्यासारखा नव्हे. त्यावर वाटेल तेथून चढता येत नाही. ठरावीक इंटरचेंजवरूनच प्रवेश व निर्गमन होते आणि पथकर कापलेल्या अंतरानुसार द्यावा लागतो. दुचाकी, तीनचाकी व ट्रॅक्टर यांना मज्जाव आहे. चौक नाहीत, सिग्नल नाहीत. हीच सोय धोक्याचीही ठरते. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचे डोळे उघडे असूनही भान हरपते. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर झिजलेले टायर फुटतात. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजानजीक प्रवासी बस आदळून पेटली व २५ जण मृत्युमुखी पडले. यास्तव गाडी निघण्यापूर्वी टायर व त्यांतील हवा तपासणे आणि दर दोन-तीन तासांनी चालकाने विसावा घेणे अगत्याचे होय.

सौंसरच्या बागायतदाराचा खरा खोळंबा मात्र महामार्गावर होत नाही. सावनेरकडून आलेल्या गाडीस नागपूरला वळसा घालून दक्षिणेस शिवमडक्यास जावे लागते. पलीकडे आमण्यापासून न्हावा शेवा बंदरापर्यंत पुन्हा भिवंडी-ठाण्याकडील वर्दळ असतेच. तोडलेले फळ या खोळंब्यात तापते. तेथे गमावलेला वेळ मधल्या मोकळ्या रस्त्यावर वेग वाढवून भरून काढण्याचा मोह चालकास होतो. पेट्या आदल्या संध्याकाळीच भरून गाडी पहाटे काढल्यास निदान नागपूरचा वळसा गर्दीपूर्वी पार पडतो.