बीकर का तडकतो?

प्रॅक्टिकल संपत आलं की सगळ्यांनाच घाई असते. गरम बीकर सरळ नळाखाली जातो, 'टिक्' असा आवाज येतो आणि ब्रेकेजच्या वहीत आपलं नाव चढतं. यात नशिबाचा दोष नाही, कारण वेगळंच आहे.

काचेतून उष्णता हळू वाहते. थंड पाणी लागताच वरचा थर आकसू पाहतो, आतला मात्र गरमच असतो. त्यामुळे वरच्या थरावर ताण येतो. काच दाब भरपूर सोसते, ताण सोसत नाही. एखादा बारीक ओरखडा असला की तडा तिथूनच सुरू होतो. कराडजवळच्या ओगलेवाडीला 1916 साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील आपल्या आजोबांना आठवत असेल. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकायची, तीही याच नियमाने.

10 सेंमी लांब साधी काच 100 अंशांनी तापली तर सुमारे 0.09 मिमी वाढते. बोरोसिलिकेट फक्त 0.033 मिमी. म्हणून लॅबमध्ये बोरोसिलिकेट असतं. पण तेही अमर नाही.

मग करायचं काय? गरम बीकर ओल्या ओट्यावर ठेवू नका, आपोआप निवू द्या. घासायला तार किंवा वाळू नको, साबण आणि मऊ ब्रश पुरे. ब्युरेटचा क्लॅम्प फार आवळू नका. तडा दिसला तर तो बीकर बर्नरवर न ठेवता सरांना दाखवा. दंडाचे पैसे भरून मोकळं होता येतं. पण उकळतं अ‍ॅसिड हातावर सांडलं तर डाग जन्मभर राहतो.