बारभाईचे सॉफ्टवेअर : संशोधनाचा प्रोग्राम सर्वांच्या हाती द्यावा काय?

'बारभाईची खेती, काय लागेल हाती' ही म्हण व्यापारी बंधूंच्या तोंडी नेहमी असते. भागीदार वाढले की दुकान बसते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. म्हणून एखादे सॉफ्टवेअर सर्वांचे आहे, त्याला एक मालक नाही, असे ऐकले की पहिली शंका हीच येते : उद्या ते बिघडले तर जबाब कोण देणार? शंका रास्त आहे. या लेखात आम्ही तिचाच विचार करणार आहोत. त्यासाठी लागणारे उदाहरण आपल्या गडचिरोली जिल्ह्यातच आहे.

प्रश्न कोठून निर्माण होतो?

चंद्रपूर-गडचिरोलीत लाकडाच्या वखारी आहेत, आरागिरण्या आहेत, बांबूचे कारागीर आहेत, तेंदूपानाचा धंदा आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. समजा, अशा एखाद्या ठिकाणी एका विद्यार्थ्याने गोल लाकडाचे घनफळ काढणारा किंवा बांबूची प्रतवारी करणारा प्रोग्राम बनविला. चार वखारवाल्यांनी तो वापरून पाहिला, हिशेब बरोबर आला आणि त्यांचा कारभार त्यावर चालू लागला. तीन वर्षांनी अनुदान संपले, विद्यार्थी नोकरीसाठी पुण्याला गेला. आता पुढे काय?

मार्ग तीनच आहेत. प्रोग्राम बंद पडू देणे, एखाद्या कंपनीला देऊन टाकणे, किंवा तो मुक्त करून वापरणाऱ्यांच्या सामाईक कारभारात आणणे. संशोधनातून जन्मलेल्या बहुतेक प्रोग्रामपुढे हाच पेच येतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मुक्त करणे आणि कारभार सोपविणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. सुताराने तयार कपाटाबरोबर त्याचा आराखडाही दिला आणि 'वापरा, बदला, दुसऱ्यालाही द्या' अशी लेखी परवानगी दिली, तर ते झाले मुक्त सॉफ्टवेअर. परंतु मूळ आराखड्यात कोणता बदल घ्यायचा आणि कोणता नाकारायचा, हे कोणी ठरवायचे? तो झाला कारभार. परवानगी एका दिवसात देता येते. कारभार बसवायला वर्षे लागतात.

मेंढा-लेखाचा धडा

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले आणि गाव आपला बांबू स्वतः विकू लागले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे या कामाशी जोडलेली आहेत.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हक्क मिळण्याच्या आधीची आहे. गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालविला. कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, किती तोडले तर पुन्हा उगवेल, यावर तेथे चर्चा होई. अभ्यासगट निर्णय घेत नसे. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. म्हणजे जाणकारांचा सल्ला एकीकडे आणि सर्वांचा अधिकार दुसरीकडे, अशी वाटणी स्पष्ट होती. कागद हाती आला तेव्हा कारभाराची सवय आधीच लागलेली होती.

अमेरिकेतील एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक जंगले, कुरणे, पाणी यांचा जन्मभर अभ्यास केला. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सामाईक मालमत्ता बुडतेच असे नाही, हा त्यांच्या कामाचा सारांश. हक्कदार कोण हे ठरलेले असावे, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असावेत, देखरेख असावी आणि नियम मोडणाऱ्याला पायरीपायरीने दंड असावा, म्हणजे ती टिकते.

जंगल आणि प्रोग्राम यांतील फरक

हा धडा सॉफ्टवेअरला जसाच्या तसा लावता येत नाही. बांबू तोडला की कमी होतो. प्रोग्राम हजार दुकानांनी वापरला तरी झिजत नाही. तेथे झिजतो तो सांभाळणाऱ्याचा वेळ. २०२४ मध्ये 'एक्सझेड' नावाच्या छोट्या पण जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामात असेच घडले. तो मुख्यतः एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर उभा होता. मदतनीस म्हणून आलेल्या एकाने दोनेक वर्षांत विश्वास मिळविला आणि त्यात चोरवाट घालून ठेवली. ती वेळीच उघडकीस आली म्हणून मोठा अनर्थ टळला.

दुसरा फरक असा की गावकऱ्याला भांडून दुसरे जंगल नेता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये न पटल्यास आराखडा घेऊन वेगळी चूल मांडता येते. या भीतीने कारभारी ताळ्यावर राहतात, पण चुली फार झाल्या तर प्रत्येकीत सरपण कमी पडते.

जगातील दाखले

'ग्रास' हे नकाशे व जमिनीचा अभ्यास करण्याचे सॉफ्टवेअर १९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन प्रयोगशाळेत तयार झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्या संस्थेने हात काढून घेतला. तेव्हा विद्यापीठांतील वापरणारेच पुढे आले, १९९९ मध्ये ते मुक्त परवान्याखाली आणले गेले आणि आजही चालू आहे. 'पोस्टग्रेस' हा माहिती साठविण्याचा प्रोग्राम बर्कले विद्यापीठातील १९८६ चा संशोधन प्रकल्प. विद्यापीठातील काम थांबल्यावर बाहेरच्या लोकांनी तो उचलला आणि १९९६ पासून तो 'पोस्टग्रेएसक्यूएल' म्हणून ओळखला जातो.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या दोन प्राध्यापकांनी संख्याशास्त्रासाठी केलेल्या 'आर'चा मार्ग थोडा वेगळा आहे. १९९७ पासून त्याच्या गाभ्याला हात लावण्याचा अधिकार एका छोट्या मंडळाकडेच आहे. भोवतालच्या पुरवण्या मात्र कोणीही लिहून देऊ शकतो, आणि अशा २० हजारांहून अधिक पुरवण्या जमा आहेत. सामाईक कारभार म्हणजे प्रत्येकाने प्रत्येक गोष्टीत हात घालणे नव्हे, हे यावरून कळते.

निर्णयापूर्वी पाच प्रश्न

पहिला : बनविणाऱ्याखेरीज रोज वापरणारे कोणी आहेत काय? नसल्यास समाजच नाही, मग कारभार कोणाचा?

दुसरा : आराखडा वाचून दुरुस्ती करू शकणारी निदान दोन-तीन माणसे, वेगवेगळ्या ठिकाणची, आहेत काय?

तिसरा : मालकी कोणाची? विद्यार्थ्याची, विद्यापीठाची की अनुदान देणाऱ्याची? हे लेखी नसल्यास पुढे तंटा ठरलेला.

चौथा : मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा, हे आधी लिहून ठेवले आहे काय?

पाचवा : वर्षाचा किरकोळ खर्च कोण देणार? फुकट मिळालेल्या मालाचीही राखण फुकट होत नाही.

पाचही उत्तरे समाधानकारक असतील तर सामाईक कारभार जरूर करावा. दोन-तीनच असतील तर परवाना पहिल्या दिवशीच मुक्त करावा, कारभार मात्र काही काळ मूळ संशोधकांच्या छोट्या मंडळाकडे ठेवावा आणि बाहेरची माणसे हळूहळू आत घ्यावीत. एकही नसेल तर आराखडा नीट टिपणांसह जाहीर करून थांबावे. उद्या कोणी उचलेल. नुसत्या नावाची समिती नेमून काही साधत नाही.

आपला वाटा

कारागीर बंधूंना वाटेल, आम्हाला प्रोग्राम लिहिता येत नाही, आमचा येथे काय संबंध? परंतु कोणत्या बांबूला कोणता दर, ओल्या लाकडात किती घट धरायची, हे ज्ञान प्रोग्राम लिहिणाऱ्याजवळ नसते, आपल्याजवळ असते. चूक दिसली तर तारीख व आकड्यासह कळविणे, नवी आवृत्ती दुकानात तपासून पाहणे, चार वखारवाल्यांनी मिळून वर्षाला थोडी रक्कम बाजूला काढणे, ही कामे आपल्याला सहज जमतात. जो हे करील त्याचा शब्द कारभारात चालेल. सोबत हिशेबाची एक प्रत साध्या तक्त्यात स्वतःजवळ ठेवावी, म्हणजे प्रोग्राम बंद पडला तरी चोपडी बंद पडणार नाही.

बारभाईची खेती बुडते ती भाऊ बारा आहेत म्हणून नव्हे. कोणी कोणते काम करायचे हे ठरलेले नसते म्हणून ती बुडते. मेंढ्याच्या गावकऱ्यांनी ते आधी ठरविले, म्हणून त्यांचे जंगल त्यांच्या हाती टिकले.